उभ्या बसमधली खिडकीची जागा

मागच्या शुक्रवारी मी माझ्या मुलीचा डबा खाल्ला. चुकून खाल्ला, पण पूर्ण खाल्ला, हे आधीच सांगून टाकतो. कारण घरात या दोनपैकी दुसरीच गोष्ट जास्त गाजली.

आमच्या ओट्यावर रोज सकाळी दोन डबे शेजारी शेजारी उभे असतात. दोन्ही स्टीलचे, दोन्ही निळ्या पिशवीत. बायकोने त्या पिशव्या आणल्या तेव्हाच मी म्हटलं होतं, "अगं, अदलाबदल होईल." त्यावर ती म्हणाली होती, "एक जड आहे, एक हलका आहे. एवढं कळतं माणसाला."

मला कळलं नाही. कोथरूडच्या कोपऱ्यावर कंपनीची गाडी हॉर्न वाजवायला लागली की मला काहीच कळत नाही.

हलका डबा माझा. साखर वाढल्यापासून त्यात दुधी, मोडाची मटकी आणि एक भाकरी असते. जड डबा मुलीचा. ती गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या रुग्णालयाच्या कार्यालयात नोकरीला लागली, तेव्हापासून बायकोने तिचा डबा वाढवला. बायकोचं म्हणणं, नव्या ठिकाणी डबा मोठा न्यावा, चार जणींत उघडता येतो, ओळखी होतात. मी दुपारी माझ्या केबिनमध्ये झाकण उघडलं तर मेथीचे पराठे, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि तळाच्या पुडात चक्क गूळपोळ्या. आता डब्यावर काही नाव लिहिलेलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. तिकडे तिनेही एव्हाना उघडला असेल, आता फोन करून काय उपयोग, असंही सांगितलं. आणि अन्न टाकायचं नाही ही तर आमच्या घरातली जुनी शिस्त. शेवटची गूळपोळी मी निव्वळ शिस्तीपायी खाल्ली.

अपराधी वाटलं ते हात धुतल्यावर. डोळ्यांसमोर चित्र आलं: मैत्रिणींचा घोळका, मधे वर्तमानपत्र पसरलेलं, सगळ्या माझ्या मुलीच्या डब्याकडे डोळे लावून बसलेल्या, आणि झाकण निघतं तो दुधी. येताना मी बेकरीतून पॅटिस घेतले. चार घेतले, म्हणजे माफी जरा भरघोस दिसेल.

मुलगी दिवाणखान्यात पाय वर घेऊन बसली होती. बायको स्वयंपाकघरात मिक्सरवर काहीतरी वाटत होती.

"सॉरी गं," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर दुधी निघाला असेल."

"कुणासमोर?"

"तुझ्या ग्रुपसमोर."

"कुठला ग्रुप, बाबा?"

मला वाटलं चिडली आहे. "असं काय? तुम्ही सगळ्या एकत्र जेवता ना?"

"मी जिन्यात जेवते," ती म्हणाली. मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाली. "वर गच्चीकडे जाणारा जिना आहे. गच्चीला कुलूप असतं, त्यामुळे तिकडे कुणी येत नाही. कानात इअरफोन घालून बसते. कुणी आलंच तर वाटतं, कॉल चालू आहे."

"आणि कॉल?"

"नसतो."

"मग एवढे पराठे कुठे जातात?"

"पार्किंगच्या वॉचमनकाकांना देते. त्यांना आईच्या हातचं फार आवडतं. आज दुधी बघून म्हणाले, 'ताई, घरी कुणी आजारी आहे का?'"

मी हसलो. तीही हसली. आत मिक्सर बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला नाही.

मुलीच्या नोकरीची पद्धत अशी, की पहिलं वर्षभर तिला एक जागा नाही. दर महिन्याला वेगळा विभाग. एक महिना रुग्णांची नोंदणी, एक महिना बिलिंग, एक महिना औषधांचं भांडार, सध्या वॉर्ड, पुढे स्वयंपाकघर, मग तक्रारींचा कक्ष. सगळं रुग्णालय आतून कळावं म्हणून. हे तिला सांगितलं गेलं त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. मी तिला खुर्चीत बसवून भाषण दिलं होतं. "नशीब काढलंस. सुरुवातीलाच सगळं चित्र बघायला मिळतंय. नंतर कुणी दाखवत नाही. नंतर माणूस आपल्या कोपऱ्यातच म्हातारा होतो." त्यानंतरही ते भाषण मी अधूनमधून देत होतो. जेवताना, गाडीत, एकदा तर तिला ताप असताना.

"बिलिंगच्या मॅडम म्हणाल्यात, आमच्याकडेच राहा," मुलगी म्हणाली. "त्या वर बोलणार आहेत. खुर्ची मिळेल, ड्रॉवर मिळेल. त्या सगळ्या एकत्र जेवतात. मला सोमवारपर्यंत सांगायचंय."

"आणि बाकीचे विभाग?"

"नाही बघायचे."

आता माझं भाषण सुरू होणार हे तिला ठाऊक होतं. मला तर होतंच. तोंड उघडलं आणि भाषणाच्या जागी गोष्टच आली. सवय. आमच्या घरात मी गोष्टी सांगतो आणि बाकीचे त्या सहन करतात. त्यात बसची गोष्ट सगळ्यात जुनी.

"अगं, माझं पहिलं वर्ष आठव ना," मी म्हटलं. "रोज अख्खी बस माझी. खिडकीची जागा..."

"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी तिने मोबाइल खाली ठेवला. "ती बसची गोष्ट. ती मजेची नव्हतीच ना?"

ही गोष्ट ती लहान असताना झोपायच्या आधी मागायची. गोष्ट अशी: बाबा बस बनवण्याच्या कारखान्यात कामाला लागले. तिथे रोज दुपारी एक नवीन बस उभी असायची. बाबा डबा घेऊन त्या बसमध्ये चढायचे. कंडक्टर नाही, गर्दी नाही, पाहिजे ती सीट. बाबा रोज खिडकीशी बसायचे आणि जेवायचे. बस कुठेच जायची नाही, म्हणून उतरायची घाईही नसायची. इथे ती टाळ्या वाजवायची. पुण्यात शहर बसमध्ये खिडकी मिळणं म्हणजे काय, हे तिला तेव्हाही कळत असे.

गोष्टीतलं सगळं खरं होतं. फक्त बाबा त्या बसमध्ये का जेवायचे, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सांगितलं.

मी सदाशिव पेठेत वाढलो, इंजिनियर झालो आणि बसच्या सांगाड्यावर पत्रा, काचा, सीट असं सगळं चढवणाऱ्या कारखान्यात लागलो. माझ्याबरोबर लागलेल्यांना पहिल्याच दिवशी टेबलं मिळाली. मला आमच्या साहेबांनी उभं ठेवलं. साहेब म्हणजे कारखान्याचे प्रमुख. कमी बोलायचे आणि तेही समोरच्याकडे न बघता.

मी विचारलं, "सर, माझं टेबल?"

"टेबल मिळालं की माणूस बसतो," ते म्हणाले. "मला बसलेला माणूस वर्षानंतर हवाय."

मग सुरू झालं. एक महिना पत्रा, एक महिना वेल्डिंग, पुढे रंग, वायरिंग, काचा, सीट, खरेदी, तक्रारी. डोक्याने बघाल तर याहून चांगलं वर्ष नाही. पण दुपारची घंटा झाली की माझी पंचाईत व्हायची. प्रत्येक विभागाचं जेवणाचं एक वर्तुळ होतं. पुठ्ठे अंथरायचे, मधे सगळ्यांच्या भाज्या, कुणाच्या डब्यात काय असणार हे सगळ्यांना आधीच पाठ. त्यात एखादा महिनाभर आलेला माणूस कुठे बसणार? बसलाच तर उठायची वेळ झालेली. पत्र्याच्या विभागात मी शेवटच्या आठवड्यात कुठे सरावलो, तो वेल्डिंगला गेलो. आणि विभागांना माझ्याबद्दल शंकाही होती. साहेबांनी पाठवलाय, सगळीकडे फिरतोय, म्हणजे नक्कीच काहीतरी वर सांगत असणार.

म्हणून मी बसमध्ये जाऊ लागलो. शेडच्या टोकाला अर्धवट झालेली एक बस कायम उभी असायची. सीट असायच्या, काचा नसायच्या. मी मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत खिडकीच्या भोकाशी बसायचो आणि आईने दिलेला डबा खायचो. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत. मधूनच घड्याळ बघायचो, जणू माझा थांबा जवळ आलाय.

"रोज?" मुलीने विचारलं.

"रोज. आणि घरी आई विचारायची, डबा संपला का? मी म्हणायचो, संपला. ते खरंच असायचं."

मीच पुढे म्हटलं, "एकदा बोलावलं होतं गं मला."

वेल्डिंगच्या महिन्यात. तिथली माणसं आसपासच्या खेड्यांतून सायकलवर यायची. त्यांच्यातला एक जण हात धुऊन जाता जाता बसशेजारी थांबला, पत्र्यावर थाप मारली आणि वर बघून म्हणाला, "ओ सायेब, खाली या की. भाकरी हाय, ठेचा हाय."

आता आमच्या घरातलं वळण असं, की कुणी जेवायला बोलावलं तर ते म्हणण्यापुरतं असतं. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'अहो, खरंच नको' म्हणायचं. तिसऱ्यांदा बोलावलं तर मग विचार करायचा, आणि तरी शक्यतो नकोच. मी तोंडातला घास गिळला आणि म्हटलं, "झालं माझं."

डबा मांडीवर उघडा होता. भरलेला. त्याला खालून दिसत होता. त्याने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाला आणि गेला. मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसलो. उरलेला सगळा महिना बघितली. त्या माणसांची रीत वेगळी होती. ते एकदाच विचारतात, कारण त्यांना खरंच विचारायचं असतं. हे मला फार उशिरा उमगलं. तोवर मी रंगात गेलो होतो.

"पण मग चित्र?" मुलगी म्हणाली. "तुमचं ते सगळं चित्र. ते दिसलं का तरी?"

दिसलं. तेही बसमध्येच दिसलं, फक्त चालत्या. एका रविवारी मी उगाचच खडकवासल्याला निघालो होतो. एकटाच. धरणाच्या भिंतीशी जाऊन एक कणीस खायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. बस आमच्याच कारखान्याची होती आणि माझ्या खिडकीची काच खडखड वाजत होती. काचा वाजतात ही तक्रार तेव्हा सतत यायची आणि प्रत्येक विभागाचं उत्तर तयार असायचं की आमचं काम बरोबर आहे. मी सहज काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, तर रबराची पट्टी कापलेली लागली. कारखान्यातून निघतानाच कुणीतरी सफाईने कापलेली.

आणि एकदम सगळं समोर मांडल्यासारखं दिसलं. पत्रा गंजतो म्हणून तक्रार आली होती, म्हणून रंगवाल्यांनी रंगाचा थर जाड केला. थर जाड झाला म्हणून काचेची खाच अरुंद झाली. खाच अरुंद झाली म्हणून रबर बसेना. बसेना म्हणून काचवाल्यांनी त्याची कड कापली. मग काच सैल झाली आणि वाजायला लागली. प्रत्येकाचं काम खरंच बरोबर होतं. पण रंगवाला काचेपाशी कधी गेला नव्हता आणि काचवाल्याने तक्रार कधी वाचली नव्हती. दोन्हीकडे महिनाभर उभा राहिलेला माणूस अख्ख्या कारखान्यात मी एकटा.

इतका आनंद झाला होता मला! कुणाला तरी सांगायला हवं होतं. शेजारी एक गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना म्हटलं, "हे बघा, हे रबर कापलेलं आहे!"

ते उठले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मुलगी खळखळून हसली. हा भागही तिने आधी ऐकलेला नव्हता.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. क्रमाने, फळ्यावर काढून. मला वाटत होतं, सगळे म्हणतील, अरे वा. रंगाचे प्रमुख म्हणाले, "म्हणजे रंग चुकला म्हणायचं का तुम्हाला?" काचांचे प्रमुख म्हणाले, "नाही, ते आम्हाला म्हणतायत." मी म्हटलं, कुणीच चुकलेलं नाही, तेच तर सांगतोय. पण कुणीच चुकलेलं नसलं तर माणसांनी राग काढायचा कुणावर? मी फळ्याजवळ सोयीचा उभा होतो.

खाच वाढवली गेली, काचा वाजायच्या थांबल्या, आणि माझ्याशी बोलणंही थांबलं. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "बरोबर बोललास. आता काही दिवस तुझ्याशी कुणी बोलणार नाही."

"मग, सर?"

"मग काय. सवय होते."

त्यांच्या केबिनचं दार अर्धवट काचेचं होतं. त्यातून दुपारी ते जेवताना दिसायचे. डबा एकाच पुडाचा, समोर कुणी नाही. तेव्हा मला वाटायचं, केवढा मोठा माणूस. वर्ष संपल्यावर मला टेबल मिळालं, पुढे दोन टेबलं ओलांडून केबिनही मिळाली. तीच केबिन. दाराला आता स्प्रिंग बसवली आहे. ते आपोआप बंद होतं.

एवढं बोलून मी थांबलो. आणलेले पॅटिस पिशवीत तेलकट होत चालले होते.

"बाबा, ते वर्ष परत दिलं तर घ्याल?"

खरं सांगायचं तर या प्रश्नावर माझ्याकडे भाषण होतं. पण ते आठवेना.

"घेईन," मी म्हटलं. "पण जेवायला खाली उतरेन."

ती थोडा वेळ नखाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "वॉर्डातल्या सिस्टर विचारतात मला. 'जेवलीस का गं?' म्हणून."

"मग?"

"मी म्हणते, हो."

"का?"

"मला वाटतं, सहज विचारत असतील."

मला हसू आलं, आणि ते जरा वेडंवाकडंच आलं. नाक माझं घेतलंय तिने, असं सगळे म्हणतात. हेही घेतलं असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

"एकदाच विचारलं?"

"नाही. रोज विचारतात."

"मग तुझं नशीब माझ्यापेक्षा बरं आहे," मी म्हटलं. तिला काय करायचं ते मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं नसेल.

सोमवारी सकाळी ओट्यावर एका पिशवीच्या बंदाला लाल दोरा बांधलेला होता. हलकी कोणती हे आता आंधळ्यालाही कळलं असतं. मुलगी जड पिशवी उचलून गेली.

मीही त्या दिवशी एक प्रयोग केला. दुपारी घंटा झाल्यावर डबा घेऊन केबिनमधून बाहेर पडलो आणि खाली शेडमध्ये गेलो. काचांच्या विभागातली मुलं गोल करून जेवत होती. मला बघून सगळी उभी राहिली. हातात घास तसाच. एकाने घाईने टोपी घातली. मी "बसा, बसा" म्हणालो. ती बसेनात. मग त्यांना वाटलं असावं की मी काहीतरी तपासायला आलोय, म्हणून मी खरोखरच एका खिडकीची काच हलवून बघितली, "छान" म्हणालो आणि परत वर आलो. दार मागे आपोआप बंद झालं. दुधी गार झाला होता. दुधीला त्याने फारसा फरक पडत नाही.

संध्याकाळी मुलगी आली, चपला काढल्या आणि डबा थेट मोरीत टाकला. रिकामा.

"वॉचमनकाका?" मी विचारलं.

"त्यांच्यासाठी आज उरलं नाही."

"म्हणजे?"

"सिस्टरनी विचारलं. मी म्हटलं, नाही जेवले."

"मग काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या. सरकल्या."

"आणि बिलिंगच्या मॅडम?"

"त्यांना सकाळीच सांगितलं, वर्ष पूर्ण करते म्हणून. जरा रागावल्यात." एवढं बोलून ती तिच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवर बोलण्याचा आवाज आला. या वेळी कॉल खरा असावा, कारण पलीकडचं कुणीतरी तिला मधेच तोडत होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला माझा शेडमधला पराक्रम सांगितला. टोपीसकट. मला वाटलं हसेल. ती डबे पुसत होती. तिने ते दोन्ही उपडे घातले, फडकं वाळत टाकलं.

"लग्नानंतर पहिल्यांदा गावाला निघालो, तेव्हा एसटीत तुम्ही मला ती बसची गोष्ट सांगितली होतीत," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्यांना खिडकी फार आवडते. तेव्हापासून मी कधी मागितली नाही. एसटीत नाही, गाडीत नाही, कुठेच नाही."

"अगं, मग सांगायचंस ना."

"आता सांगते. पुढच्या वेळी खिडकीशी मी बसणार. तुम्ही शेजारी बसा."